चौकटीवरचा शके १८०५

पनवेल

प्रिय श्रीधर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि वाड्याच्या चौकटीचे छायाचित्र, दोन्ही पोहोचले. गणेशपट्टीखाली कोरलेले ‘शके १८०५’ स्पष्ट वाचता येते. पाचाच्या पोटात जुन्या तेलरंगाचा थर साचला आहे, तेवढाच. ही चौकट घडत होती तेव्हा जगात काय चालले होते, असे तू विचारलेस, म्हणून आठवडाभर जुनी पुस्तके काढून बसलो होतो.

तो शक १८८३ च्या एप्रिलमध्ये लागला. त्याआधी, १३ फेब्रुवारीला, व्हेनिसमध्ये संगीतकार रिचर्ड वाग्नर वारले. १४ मार्चला लंडनमध्ये कार्ल मार्क्स आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि ज्यांच्या विचारांनी पुढे अर्धे जग हलले, त्यांना निरोप द्यायला डझनभर माणसे जमली असतील. या दोन मृत्यूंच्या मध्ये, १७ फेब्रुवारीला, एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंत फडके यांनी प्राण सोडला. वय अवघे ३७. तारखा लिहून काढताना मी तिथेच थांबलो, कारण त्यांचे शिरढोण माझ्या घरापासून जवळ आहे आणि त्या वाटेने माझे नेहमी जाणे-येणे असते. एकदा तर त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडले आणि ते बाहेर पडले. पण भाताच्या खाचरांच्या मुलखात वाढलेल्या या माणसापुढे उघडेबोडके डोंगर आणि वाळू, ना झाड ना ओळखीचे दार, आणि ते पुन्हा पकडले गेले. तुझा शक तेव्हा लागलाही नव्हता, तरी त्यांना वगळून हे वर्ष सांगणे मला जमणार नाही.

पाडव्याच्या सुमारास, ७ एप्रिलला, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. पतीही सोबत नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा तिथला ब्रुकलिनचा पूल नुकताच, २४ मे रोजी, खुला झाला होता. त्या पुलाचा मुख्य अभियंता आजारपणाने खोलीत अडकून पडला असता, वर्षानुवर्षे त्याच्या सूचना कामावर पोहोचवून ते काम मार्गी लावले ते त्याच्या पत्नीने, एमिली रोब्लिंग यांनी. या दोन स्त्रियांची गाठ पडली असती तर किती बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

त्या वर्षीचा सर्वांत मोठा घाला मात्र समुद्रातून आला. २७ ऑगस्टला जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, आणि सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावरील पोलीस अधिकाऱ्याला दूर कुठे तोफा डागल्याचा भास झाला. ३६,००० हून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक लाटांनी ओढून नेली. एक डच लढाऊ बोट तर लाटेने उचलून जंगलात आत नेऊन टाकली. राख इतकी उंच गेली की पुढे कित्येक महिने जगभर सायंकाळचे आकाश रक्तासारखे लाल दिसे, आणि अमेरिकेत आग लागली असे समजून बंब धावले.

दिवाळीत, ३० ऑक्टोबरला, अजमेरला स्वामी दयानंद गेले. आठच वर्षांपूर्वी पुण्याने त्यांची व्याख्याने ऐकली होती.

चौकट मागणाऱ्या त्या व्यापाऱ्याला तूर्त होकार देऊ नकोस. येत्या रविवारी मी येतो. पाचाच्या पोटातला रंग हलक्या हाताने काढून पाहू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव