बार होण्याआधी आणि बार झाल्यावर

चि. मनू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तू मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर विस्कॉन्सिनात हरणाच्या शिकारीला जाणार हे कळलं. कोर्समध्ये कायदा आणि बंदूक हाताळायची शिस्त शिकवतात, आणि चांगली शिकवतात. पण कायद्यात बसतं ते सगळं न्याय्य असतंच असं नाही, आणि रानात तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणी नसतं. म्हणून हे पत्र थोडं लांबणार आहे.

इथले शिकारी ज्याला फेअर चेस म्हणतात, त्याचे दोन भाग आहेत. बार होईपर्यंत सावजाला निसटायची खरीखुरी संधी हवी. बार झाल्यावर मात्र ते तडफडत राहू नये, ही जबाबदारी संपूर्ण तुझी. लोकांना पहिला भाग ठाऊक असतो, दुसरा विसरतात.

थिओडोर रूझवेल्टच्या अस्वलाचंच बघ. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपीतलं ऑनवर्ड गाव. वाटाड्या होल्ट कॉलियर, पूर्वी गुलामगिरीत राहिलेला आणि अस्वलांचा माग काढण्यात पट्टीचा. कुत्र्यांनी अस्वल घेरलं, कॉलियरने बंदुकीच्या दस्त्याने त्याला लोळवून झाडाला बांधलं आणि राष्ट्राध्यक्षांना बोलावलं. रूझवेल्टने बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला नकार दिला. तिथून टेडी बेअर आलं, हे जगाला माहीत आहे. पण अस्वल जबर जखमी होतं, आणि त्याचे हाल थांबवा असं रूझवेल्टनेच सांगितलं. मग ते सुरीने मारलं गेलं. माझ्या दृष्टीने ते सांगणं नकाराइतकंच महत्त्वाचं आहे.

रूझवेल्टने जॉर्ज बर्ड ग्रिनेल वगैरे मंडळींबरोबर १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला तेव्हा बाजारासाठी शिकार करणाऱ्यांनी रानं ओस पाडली होती. कुत्र्यांनी हरणं तलावात लोटायची आणि पोहताना नावेतून मारायची, रात्री दिव्याच्या झोताने त्यांचे डोळे दिपवायचे, बर्फाच्या कडक पापुद्र्यातून खूर आत रुतले की गाठायचं, असं सर्रास चाले. मोकळ्या रानातल्या जनावरावर गैरवाजवी फायदा घ्यायचा नाही, ही त्यांची भूमिका. आपल्याकडे संस्थानी शिकारीत पाहुण्यासाठी रेडकू बांधून वाघ मचाणाखाली आणत. त्यात वाघाच्या संधीचा विचार कुणी केला नव्हता. भारतात १९७२च्या कायद्याने शिकार थांबली. त्यामुळे पुण्यात तुला प्रश्न विचारले जातील, त्यांची उत्तरं शांतपणे दे. विचारणाऱ्यांचं चुकत नाही.

आता संधी म्हणजे काय ते बघ. व्हाइट-टेल हरणाची पहिली ढाल त्याचं नाक. सकाळी ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गारठा पडला की खाली उतरते. हरणं जिथून येतील असं वाटतं त्या बाजूला तुझा वास जात असेल तर जागा बदल, नाहीतर त्या दिवशी त्या जागी बसूच नकोस. वाऱ्याशी असं जुळवून घेण्यात गैर काही नाही, तीच खरी शिकार. हरणाला वास घेता येतो आणि तुला ते जमेस धरावं लागतं. मक्याचा ढीग घातला की हे सगळं संपतं. विस्कॉन्सिनच्या ज्या काउंट्यांमध्ये सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा हरणांना झिजवून मारणारा रोग आहे तिथे आमिष घालायला बंदीच आहे, कारण एका ढिगावर दहा हरणांची तोंडं लागतात आणि लाळेतून रोग पसरतो. राज्यात तो २००२ साली पहिल्यांदा सापडला. जिथे आमिष कायदेशीर आहे तिथेही तू त्यावर बसू नकोस, यजमानांनी आग्रह केला तरी.

कॅमेऱ्याबाबत माझं मत स्पष्ट आहे. महिनाभर आधी कॅमेरा लावून कुठल्या वाटेने जनावरं जातात ते बघणं मला मान्य आहे. पण हरीण समोर आलं की त्याच क्षणी फोनवर फोटो पाठवणारा कॅमेरा लावून, फोटो आला की उठून तिकडे जाणं मान्य नाही. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२पासून शिकारीसाठी रानात लावायचे सगळेच कॅमेरे वापरायला मनाई केली. प्रत्येक राज्य तसं करेल असं नाही, म्हणून हा निर्णय तुझा तू घ्यायचा.

जिथे तुझी खरी परीक्षा होईल ती जागा म्हणजे दुपारचा हाका. विस्कॉन्सिनात ही जुनी पद्धत आहे: काही जण रानाच्या एका टोकाकडून चालत येतात, बाकीचे दुसऱ्या टोकाला उभे राहतात. हाका मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण तो कसा घालतात यावर सगळं आहे. हाकारे सावकाश, थांबत थांबत, आरडाओरडा न करता चालले तर हरणं दबकत, चालत बाहेर पडतात आणि एखादी बाजू उघडी असली की बरीचशी मागच्या मागे निसटतात. आरडाओरडा झाला की ती उधळतात, आणि मग उभे असलेले पळत्या हरणावर बार टाकतात. हिशोब कर. ताशी ३० मैलांनी पळणारं हरीण सेकंदाला ४४ फूट जातं. १०० यार्ड गाठायला रायफलच्या गोळीला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. तेवढ्यात हरीण पाच फूट पुढे सरकलेलं असतं. काळजाचा नेम पोटात लागायला फूट-दीड फुटाची चूक पुरते. म्हणून पळत्या हरणावर बार नाही, कधीच नाही. आणि हाक्याच्या आधी प्रत्येकाने कुठून कुठपर्यंत बंदूक फिरवायची ते ठरवून घ्या. हाकारे ज्या दिशेने येतात तिकडे नळी वळता कामा नये.

तिथे गटातल्या एकाने दुसऱ्याच्या परवान्यावर हरीण मारणं कायद्याला चालतं, पण दोघं एकमेकांना दिसत असतील किंवा हाक ऐकू येत असेल तरच. फोनवरचा संपर्क धरत नाहीत. ‘तू मार, टॅग माझा लावू’ (टॅग म्हणजे एका हरणाची परवानगी) असं कुणी म्हटलं तर चटकन हो म्हणू नकोस. आपल्याला किती मांस हवं, कोण मारणार, हे सकाळी ठरलेलं असावं. समोर कळप आला आणि दोघांनी एकाच हरणावर नेम धरला, तर जखमी कुणाच्या गोळीने झालं यावर वाद होतो आणि माग काढायला कुणीच जात नाही.

बार टाकायचा तो किती अंतरावरून? हे रेंजवरच्या टेबलावर रायफल टेकवून कळत नाही. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा आठ इंचांच्या वर्तुळाएवढी असते. कागदी ताटलीवर तेवढं वर्तुळ काढ. जाड जॅकेट आणि हातमोजे घालून, बसून आणि गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, प्रत्येक अंतरावरून पाच गोळ्या झाड. पाचही वर्तुळात बसतात ते सर्वांत लांबचं अंतर तुझी मर्यादा. चार बसल्या आणि एक बाहेर, तर ती मर्यादा नाही. रानात छाती धडधडते, म्हणून त्यातूनही थोडं कमी कर. तुझ्या .३०८ रायफलचा नेम १०० यार्डांवर जुळवलेला असेल तर २०० यार्डांवर गोळी साधारण चार इंच खाली पडते. पण ते अंतर तुझ्या मर्यादेच्या बाहेर असेल तर हा आकडा विसरून जा.

हरीण आडवं उभं असेल, किंवा थोडं पाठमोरं तिरकं, तरच नेम धर. पाठमोरं तिरकं असेल तेव्हा पलीकडच्या पुढच्या पायातून गोळी बाहेर पडेल असा. समोरून नको, थेट मागून नको. डोक्यावर तर मुळीच नको: जबडा फुटलेलं हरीण पळून जातं आणि कित्येक दिवस उपाशी मरतं. मागे टेकडीची माती दिसली पाहिजे, आकाश नाही. आणि मागे दुसरं हरीण नाही ना ते बघ, कारण गोळी आरपार जाते.

बार झाला की लगेच दुसरं काडतूस भर आणि डोळे हरणावरच ठेव. ते कसं वागलं ते लक्षात ठेव. मागचे पाय झाडून सुसाट सुटलं तर बहुधा छातीत लागलंय. पाठ कुबड काढल्यासारखी करून चालत गेलं तर पोटात. ते उभं होतं ती जागा आणि दिसेनासं झालं ती जागा, दोन्हींना एकेक झाड खूण म्हणून धर. मग थांब. छातीतला बार वाटला तरी अर्धा तास. जागेवर जाऊन रक्त बघ: फिकट लाल, बुडबुडे असलेलं म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच असेल. गडद, काळपट लाल म्हणजे यकृत; चार ते सहा तास थांब. हिरवट, वास येणारं, मध्ये गवताचे तुकडे म्हणजे पोट, आणि तिथे आठ ते बारा तास. पोटात गोळी लागलेलं हरीण घाई करून उठवलं तर मैलभर जातं आणि सापडत नाही. न उठवलेलं बहुतेक वेळा जवळच्या दडणीत बसतं आणि तिथेच मरतं. हिमवर्षाव येणार असेल तर माग पुसला जाईल, मग थोडं आधी, पण अगदी सावकाश निघावं लागतं. मागावरून चालू नकोस, कडेने चाल. रक्ताच्या प्रत्येक थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा ठेव, मागे वळून पाहिलं की दिशा कळते. परतताना तुकडे गोळा कर. माग तुटला तर शेवटच्या थेंबापासून वाढत्या वर्तुळात शोध.

पडलेल्या हरणाजवळ मागच्या बाजूने जा. लांब काठीने डोळ्याला स्पर्श कर. पापणी हलली तर तत्काळ दुसरा बार. मांस खराब होईल म्हणून तो टाळू नकोस.

शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या बाहेरही मांसात पसरतात, आणि रानात टाकलेलं आतडं खाऊन गरुडांना विषबाधा होते. तांब्याची काडतुसं घे. गोळी बदलली की रायफल पुन्हा जुळवावी लागते, हे विसरू नकोस.

हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५च्या आत नोंदणी कर, सीडब्ल्यूडीची तपासणी करून घे आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं, नाव लिहून फ्रीझरात ठेव. निकाल रोगाचा आला तर ते खायचं नाही.

आणखी एक. जखमी हरीण शेजारच्या हद्दीत गेलं तरी मालकाच्या परवानगीशिवाय तुला तिथे पाऊल टाकता येत नाही. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळीच तुझ्या मैत्रिणीच्या वडिलांना घेऊन चारही बाजूंच्या शेतवाल्यांना भेटून ये, आणि त्यांची परवानगी आधीच घेऊन ठेव, कारण ऐनवेळी तिथे फोनला रेंज नसते.

तुझा,
बाबा