वाळवलेलं स्टार्टर फेकायची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरी ब्रेड करण्यावर हल्ली बरंच छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते, पण वाळवलेलं सावरडो स्टार्टर, म्हणजे ब्रेड फुगवायला वापरतात ते आंबवलेलं पीठ-पाणी, परत जिवंत करण्याबद्दल जो सल्ला सारखा दिसतो, की दोन दिवसांत फुगलं नाही तर टाकून द्या, तो मला अजिबात पटत नाही. या सल्ल्यापायी चांगली स्टार्टर्स कचऱ्यात जातात हो!

होतं काय की वाळलेल्या स्टार्टरचे पापुद्रे भिजवून पीठ घातलं की पहिल्या दिवशी बुडबुडे दिसतात आणि आपण खूश होतो, पण ते बरेचदा ताज्या पिठातल्याच बॅक्टेरियांचे असतात, मग आंबटपणा वाढला की ते गप्प होतात आणि वाळवण्यातून वाचलेलं यीस्ट अजून संख्येने थोडंच असतं, त्यामुळे बरणीत एकदम शांतता. लोक हार मानतात ते नेमकं इथेच. खरं तर सगळं सुरळीत व्हायला तीन दिवस ते आठवडासुद्धा लागू शकतो आणि घरात गारठा असेल तर त्याहून जास्त.

माझी पद्धत सांगते. ५ ग्रॅम पापुद्रे १५ ग्रॅम कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजू द्यायचे, कोमट म्हणजे बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकंच, कारण ५०-५५ अंशांच्या वर यीस्ट मरायला लागतं. पाणी दुधट झालं की राहिलेल्या गुठळ्या चमच्याच्या पाठीने दाबून मोडायच्या, १० ग्रॅम पीठ घालायचं आणि झाकण सैल ठेवायचं. दुसऱ्या दिवसापासून थोडं काढून टाकून तितकंच नवं पीठ आणि तितकंच पाणी, वजनाने, कपाने नाही. हे काढून टाकणं लोकांच्या जिवावर येतं पण ते केलं नाही तर आम्ल साचत जातं आणि नवं पीठ त्या मानाने अगदीच थोडं पडतं. सुरुवातीला कोंड्यासकट गव्हाचं किंवा राय (rye) या धान्याचं पीठ वापरलं तर स्टार्टर लवकर जोर धरतं. आणि बरणी शांत दिसली म्हणून दिवसातून चार-चारदा पीठ घालू नका प्लीज, त्याने जे थोडं यीस्ट वाढलेलं असतं तेही पातळ होत जातं.

किती फुगलं ते कळावं म्हणून बरणीला स्टार्टरच्या पातळीवर रबरबँड लावून ठेवा. पीठ घातल्यावर सहा-आठ तासांत दुप्पट व्हायला लागलं आणि लागोपाठ दोन-तीनदा तसं झालं की ब्रेड करायला घ्या, त्याआधी नको. पाण्यात चमचाभर टाकून तरंगतं का बघण्याच्या टेस्टवर माझा विश्वास नाही, पातळ स्टार्टर चांगलं असूनही बुडतं. वर करडं पाणी जमलं तर ते भुकेलं आहे एवढंच, ढवळा आणि पीठ घाला.

फेकायचं कधी हेही स्पष्ट छापा ही कळकळीची विनंती: गुलाबी किंवा केशरी रेघा दिसल्या किंवा लवदार बुरशी आली तर सगळंच टाकायचं, वरचं खरवडून खालचं ठेवायचं नाही. आणि कच्चं चाखूनही बघू नये, कच्च्या पिठात साल्मोनेला, ई. कोलाय असे आजारी पाडणारे बॅक्टेरिया असू शकतात. बाकी नुसतं फुगत नाही म्हणून टाकू नका, थोडी उबदार जागा द्या आणि आठवडाभर तरी थांबा.

आपली,
एक नियमित वाचक