शेवटी वाजतो तो बापाचा मार्च

प्रिय सुध्या,

पत्र पोचलं. पोराने कॉमर्स सोडून तबल्याचं मनावर घेतलं म्हणून तू घरात अबोला धरलायस! आधी हसू आलं, मग व्हिएन्नाचं स्ट्राउस हे संगीतकारांचं घराणं आठवलं. तू म्हणशील, झालं याचं सुरू. ऐक तरी.

थोरला योहान स्ट्राउस खानावळवाल्याचा मुलगा. घरच्यांनी त्याला बुकबाइंडरच्या हाताखाली ठेवलं, हा पोचला योझेफ लानरच्या वाद्यवृंदात. वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नाच तेव्हा नावारूपाला येत होता. जोडीने एकमेकांना धरून गरगर फिरायचं, त्यामुळे सभ्य मंडळी नाकं मुरडायची. १८१६ साली लंडनच्या 'टाइम्स'ने तर त्याला असभ्य ठरवून झोडपलं. नाचणारे कसले ऐकतात!

बाप याच नाचावर मोठा झाला, पण पोराने (त्याचंही नाव योहानच) बँकेत चिकटावं हा हट्ट. आई, आना, हिने पोराला चोरून व्हायोलिन शिकू दिलं. पुढे बापाने दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि चोरी संपली. १५ ऑक्टोबर १८४४. पोराला एकोणीस पुरी व्हायला दहा दिवस कमी. डोमायरच्या कॅसिनोत, म्हणजे नाचगाण्याच्या दालनात, पहिला कार्यक्रम. त्याचा एक वॉल्ट्झ लोकांनी एकोणीस वेळा वाजवून घेतला म्हणतात. आणि शेवटी त्याने काय काढावं? बापाचाच वॉल्ट्झ! इथे मला दर वेळी गलबलतं.

व्हिएन्नातल्या १८४८ च्या क्रांतीत पोरगा बंडखोरांकडे, बापाने सम्राटाच्या सेनापतीसाठी 'राडेट्स्की मार्च' ही लष्करी चालीची धून लिहिली. पुढच्याच वर्षी बाप गेला. मधला भाऊ योझेफ इंजिनियर. १८५३ मध्ये योहान आजारी पडला म्हणून चार दिवसांसाठी वाद्यवृंदापुढे उभा राहिला तो कायमचा अडकला. धाकट्या एडुआर्डवर मात्र माझा राग आहे. १९०७ साली भट्टीसमोर बसून त्याने वाद्यवृंदाच्या स्वरलिपींचा सगळा संग्रह जाळून टाकला. गाठोड्यांमागून गाठोडी!

व्हिएन्नाच्या नववर्षाच्या मैफलीत शेवटाकडे पोराचा 'ब्लू डॅन्यूब' वॉल्ट्झ होतो. त्यानंतर, अगदी शेवटी, बापाचा मार्च. सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं.

रविवारी येतोय. पोराला तबला लावून ठेवायला सांग. व्हिएन्नावाले वॉल्ट्झच्या तीन मात्रांतली दुसरी किंचित आधी टाकतात. माझ्या हाताला काही ते जमत नाही. बघू त्याला जमतं का. तूही बाहेरच्या खोलीतच बस.

तुझा,
बाळ्या