सर, तुमचे हात पाठीमागे होते

आदरणीय सर,

मला ड्रोन उडवायला शिकवलंत, त्याचे आभार मानायला फोन केला, तर "अरे बेन, ए तो अमारुं काम छे" म्हणून तुम्ही तो ठेवूनच दिलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी फी भरली होती. नाव घेत नाही, जाऊ दे. रिमोट पायलट सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास, एवढंच नियम मागतो. नियमात मी बसत होते, त्यांच्या नजरेत नव्हते. मुलं मैदानावर आणि मी खोलीत सिम्युलेटरपुढे. "काकी, तुम्ही थिअरी पक्की करा." थिअरी तरी कसली! फेब्रुवारी २०२२ मध्ये लायसन्सची पद्धत जाऊन सर्टिफिकेट आलं, यांच्या झेरॉक्समध्ये अजून लायसन्सच चालू. क्वचित मैदानावर नेलं, तरी ड्रोन जरासा हलला की ताबा काढून घ्यायचे. एकाने तर विचारलं, "घरून दुसरं कोणी येणार नाही का शिकायला?" स्टुडिओ सासऱ्यांनी काढलेला असला तरी आज चालवते मी. लग्नाच्या शूटिंगचे पैसे घेऊन २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायचा तर सर्टिफिकेट लागतंच. पुष्कळ जण त्याशिवाय उडवतात, ते मला करायचं नव्हतं.

मग तुमचं पादरा गावाकडचं मैदान. तिथला एकच प्रसंग सांगते.

जीपीएस बंद करून आठचा आकडा काढायचा होता. ड्रोनची पाठ आपल्याकडे असते तोवर सगळं सरळ. त्याने तोंड आपल्याकडे वळवलं की स्टिक उजवीकडे ढकलावी आणि तो आपल्या डाव्या हाताला जावा. त्यात जीपीएस नाही, म्हणजे स्टिक सोडली तरी गडी जागेवर थांबत नाही, वारा नेईल तिकडे सरकत राहतो. त्या दिवशी वारा होता. वळणावर ड्रोन कुंपणाकडे निघाला आणि माझे अंगठे आखडले.

तुमच्या गळ्यात दुसरा रिमोट होता. एक बटण दाबलं असतंत तर ताबा तुमच्याकडे आला असता, आणि मी बाजूला झाले असते, नेहमीसारखी. तुम्ही मात्र एक पाऊल पुढे आलात, मला दिसेल असे उभे राहिलात, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. रिमोट पट्ट्याला नुसता लोंबकळत होता. "शांतिथी, बेन," एवढंच म्हणालात. ड्रोन केवढ्याचा होता ते धंद्यातली म्हणून मला चांगलं ठाऊक आहे.

आकडा वाकडातिकडा झाला, पण पुरा झाला, आणि तो मी काढला. परीक्षा, फॉर्म, कागद हे सगळं पुढे झालंच. त्याचं काय सांगायचं.

घरी आल्यावर वाटलं, आपण बडोद्यात राहतो ते अशाच माणसांच्या जिवावर. खंडेराव मार्केटातला भाजीवाला सुटे नसले की "पछी आपजो", नंतर द्या, म्हणून पिशवी हातात देतो, नाव विचारत नाही. आमच्या गल्लीतल्या आजी दुपारभर दुसऱ्यांच्या किल्ल्या सांभाळतात. सावध माणसं याला भोळेपणा म्हणतात. म्हणोत बापडी.

आता नातेवाइकांची फर्माईश असते, लक्ष्मी विलास पॅलेसवरून एक शॉट घे ना! हरणीचा विमानतळ तिथून ८ किलोमीटरच्या आत, परवानगीशिवाय पंखासुद्धा फिरवायचा नाही. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट उंचीपर्यंत, त्यापुढे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे परवानगी लागत नाही त्या भागात, ४०० फूट, हे मी त्यांना अगदी तुमच्या सुरात ऐकवते. नवरा हसतो.

पुढच्या बॅचला माझी जाऊ येते आहे. तिचं गुजराती माझ्यापेक्षा बरं आहे, पण ती तुम्हाला बोलू देणार नाही, आधीच सांगून ठेवते. आणि गणपतीत वहिनींना घेऊन घरी यायचं. फोनवर "जोईशुं", बघू, म्हणालात, ते मी हो असं धरलं आहे.

तुमची विद्यार्थिनी,
दांडिया बाजार, बडोदे