योग म्हणजे फक्त आसनं नव्हेत

संपादक महोदय,

२१ जूनचा योगदिन जवळ आला की रंकाळा तलावावर मॅट घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढते, छानच आहे ते, पण बऱ्याच जणांना वाटतं की आसनं जमली तरच योग जमला आणि गुडघे दुखणारी माणसं तर हे आपलं काम नाही म्हणून घरीच बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. अहो, योगसूत्रं सांगणाऱ्या पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं, त्याच्याआधी यम-नियम, म्हणजे इतरांशी कसं वागावं आणि स्वतःला कशी शिस्त लावावी, ते येतात. गीतेत तर कर्म, ज्ञान, भक्ती असे वेगवेगळे मार्ग सांगितलेत. जोतिबाचा डोंगर चालत चढणारी, भजनात रमणारी आपली माणसं भक्तिमार्गावरच आहेत की! आणि २०१९च्या महापुरात पूरग्रस्तांसाठी भाकऱ्या थापणाऱ्या बायका, कसलीही अपेक्षा न ठेवता कमरेएवढ्या पाण्यात उतरलेली पोरं, हा कर्मयोग नाही तर काय? ज्याला सारखे प्रश्न पडतात त्यानं ज्ञानमार्ग धरावा, शांत बसवतं त्यानं ध्यान करावं (एकच धरून बसायचं असंही काही नाही). योगदिनाच्या कार्यक्रमात या सगळ्यावर कुणा जाणकारानं अर्धा तास तरी बोलावं, शाळांमधून तर नक्कीच.

- एक वाचक, कोल्हापूर