बेकिंग पावडर संपली म्हणून केक अडत नाही

प्रिय वैशाली,

तुझा निरोप मिळाला. शनिवारी लेकाचा वाढदिवस, दुकान लांब आणि बेकिंग पावडरचा डबा रिकामा! म्हणून केक विकत आणू नकोस बाई. घरात खायचा सोडा आहे ना? मग झालं.

फक्त पावडरीइतकाच सोडा घालू नकोस. पावडरीत सोडा असतोच. जोडीला कोरडं आम्ल आणि ओल धरू नये म्हणून कॉर्नफ्लॉर. नुसता सोडा तिच्या तिप्पट-चौपट जोराचा. म्हणजे एक चमचा पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही, आणि दही घालशील तेवढं दूध कमी कर. चमचा चहाचा बरं का, आमटीचा नव्हे! दही नसेल तर अर्धा चमचा व्हिनेगर.

आंबट काही नसेल तर सोडा तसाच उरतो आणि केक साबणासारखा लागतो. सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळ. हॉस्टेलच्या मेसमधल्या ढोकळ्यावर लाल ठिपके असायचे, आठवतं? तो नीट न मिसळलेला सोडा. हळदीला लागला की ती लाल होते.

तुझ्या जाऊबाई इनो सुचवतील. चालतो, त्यातही सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिडच असतं. पण साधाच घे, चॉकलेट केकला लिंबाचा वास मला तरी सोसत नाही. शिवाय तो ओला झाला की सगळा एकदम फसफसतो, म्हणून अगदी शेवटी घालायचा. बाजारची पावडर बहुतेक दोनदा फुलते, भिजल्यावर थोडी आणि उरलेली गरम झाल्यावर, त्यामुळे ती जरा थांबते. सोडा-दही थांबत नाही. आधी ओव्हन तापव, भांड्याला तूप लाव, मगच दही मैद्यात घाल. दोन-चार हात फिरवायचे की लगेच आत. त्या वेळी कुणाचाही फोन घेऊ नकोस, माझासुद्धा!

गंमत म्हणजे ही पावडरसुद्धा घरच्या अडचणीतूनच आली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने १८४३ मध्ये ती केली, बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून.

आणि तो डबा खरंच रिकामा आहे की तळाशी जुनी पावडर आहे? असली तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघ. जोरात फसफसली तर चांगली आहे, तीच वापर.

आईंना नमस्कार.

तुझी,
मीना