वाचनगटाची पहिली कादंबरी निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावोगावची साहित्य संमेलने आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाचनगट काढण्याची हालचाल सुरू होते. दहा-बारा जण जमतात, एखादी अभिजात कादंबरी मिळून वाचायचे ठरते आणि तिसऱ्या बैठकीला चौघेच उरतात. मग 'हल्ली कुणाला वाचायलाच नको' असे म्हटले जाते. खरे तर बहुतेक वेळा चूक निवडीत झालेली असते.

नेहमीची पद्धत म्हणजे हात वर करून मत घेणे. ज्या पुस्तकाचे नाव सर्वांच्या कानावर असते, त्यालाच हात वर होतात आणि 'मृत्युंजय' ठरते. कादंबरी मोलाची आहे, पण पाने सातशेच्या वर. हिशेब करून पाहा. सराव असलेल्या वाचकाला एका पानाला दोन मिनिटे पुरतात. आपल्याकडे गटातले कितीतरी जण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेले असतात. त्यांची बोली मराठी अस्खलित असते, पण देवनागरी छापील पानाला चार मिनिटे सहज लागतात. रोजचा अर्धा तास म्हणजे सात-आठ पाने. महिन्यात वाचनाचे दिवस वीसच धरावेत, त्याहून जास्त होत नाहीत. म्हणजे महिन्याला दीडशे पाने. सातशे पानांना पाच महिने जातात, आणि तोवर निम्म्यांचे वाचून संपलेले असते, निम्मे पहिल्या शंभरात अडकलेले असतात. अशा बैठकीत शेवटाबद्दल बोलावे की बोलू नये, हेच कुणाला कळत नाही. पुढेमागे ही कादंबरी घ्यायचीच असेल, तर तिच्या रचनेचा फायदा घ्यावा. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे निवेदक बदलत जातात, तेव्हा एका बैठकीला एका निवेदकाचा भाग ठेवावा.

तेव्हा पहिली कादंबरी दीडशे पानांच्या आतबाहेरची असावी, यावर गटाने ठाम राहावे.

दुसरी चूक आपुलकीपोटी होते. मराठीतली पहिली कादंबरी मानले जाणारे 'यमुनापर्यटन' (१८५७) बाबा पदमनजींचे, आणि त्यांचा जन्म बेळगावचा. साहजिकच कुणीतरी म्हणते, सुरुवात आपल्या माणसापासून करूया की! अभिमान योग्यच आहे, पण त्या पुस्तकात विधवांच्या स्थितीवरचे संवाद आणि उपदेश जास्त, गोष्ट कमी. नवा गट तिथे दमतो. तेच पुस्तक दुसऱ्या वर्षी ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'च्या आधी घ्या, मग बघा किती बोलणे होते. दोन्हीकडे नायिका यमुना, दोन्हीकडे वैधव्याचा प्रश्न, पण आपट्यांची यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते, आणि तीस-पस्तीस वर्षांत मराठी गद्य कुठून कुठे आले ते कानाला कळते. आपट्यांची कादंबरी जाड असली तरी 'करमणूक' या साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आलेली आहे, त्यामुळे ती हप्त्याहप्त्याने वाचायला सोयीची आहे.

निवडीची रीत अशी ठेवावी. आधी तिघांनी एकेक कादंबरी सुचवावी, आणि सुचवणाऱ्याने ती पूर्ण वाचलेली असावी, ही अट सोडू नये. बैठकीत प्रत्येकीचे पहिले पान आणि साधारण मधले एक पान मोठ्याने वाचावे. मधले पान अशासाठी की पहिले पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेले असते, पुस्तकाची खरी चाल मध्ये कळते. दोन पानांना दहा मिनिटे लागतात, तिन्ही मिळून अर्ध्या तासात आटोपते. मग 'कोणती हवी' असे न विचारता 'कोणती तुमच्याने पुरी होणार नाही' असे विचारावे. याचे उत्तर लोक प्रामाणिकपणे देतात. सर्वात कमी नकार मिळालेली कादंबरी घ्यावी.

शेवटची परीक्षा वादाची. सुचवणाऱ्याने असे दोन प्रश्न सांगावेत, ज्यांना पुस्तकातूनच दोन्ही बाजूंनी उत्तर देता येते. प्रश्न सुचत नसतील तर पुस्तक थोर असले तरी गटासाठी नाही. ज्यावर सगळे माना डोलावतात, त्यावर वीस मिनिटांत बोलणे संपते आणि चहा येतो.

या कसोटीवर माझ्या मते पहिल्या वाचनाला सर्वात चांगली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर राजाराम नावाचा पोरगेला मास्तर येतो, शाळा चालवतो, तालीम उभी करतो, आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. वाक्ये लहान, प्रकरणे लहान. शेकूकडे एकच बैल असतो आणि जोडीला त्याची बायको खांद्यावर जू घेते, तो प्रसंग मोठ्याने वाचा. त्यानंतर एकच विचारा, लेखक इथे हळहळ का व्यक्त करत नाही? शेती पाहिलेला माणूस आणि शहरातला माणूस वेगवेगळे बोलतील, आणि गटाला हेच हवे असते. दुसरा प्रश्न मास्तराचा. त्याने वाडी बदलली की वाडीने त्याला?

नोकरदार, तरुण मंडळी जास्त असतील तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) घ्यावी. महायुद्ध तोंडावर आलेले, युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, त्यावर देश सुटलेली ज्यू हॅर्टा आणि आपला चक्रधर. आकार लहान, पण निवेदन मागेपुढे जाते, म्हणून कोण कुठला याची अर्ध्या पानाची यादी सुरुवातीला सर्वांना द्यावी. निपाणी-चिकोडीकडच्या गटाला आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) फार जवळची वाटेल. ती सगळी कागलकडच्या बोलीत आहे. मुकाट वाचताना बोली अडखळायला लावते, मोठ्याने वाचली की लगेच उलगडते, तेव्हा पहिली दहा पाने बैठकीतच वाचून घ्यावीत. उलट उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली वऱ्हाडी आपल्याकडे परकी पडते. ती तिसऱ्या-चौथ्या खेपेला ठीक.

नाव पक्के करण्याआधी प्रती मोजाव्यात. दोघांत एक याप्रमाणे दहा जणांना पाच प्रती लागतात, आणि वाचनालयात एखाददुसरीच निघते. झेरॉक्सचा मोह होतो, पण लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क कायम असतात. आपट्यांचे निधन १९१९ चे, त्यांचे लेखन मोकळे आहे. बेडेकर, माडगूळकर, यादव यांची पुस्तके विकतच घ्यावीत किंवा इतर वाचनालयांतून मागवावीत. वेगवेगळ्या आवृत्त्या जमल्या तर पान क्रमांक जुळत नाहीत, म्हणून मजकूर प्रकरणावरून ठरवावा. जुन्या कादंबऱ्यांच्या बाबतीत 'संक्षिप्त' हा शब्द मुखपृष्ठावर आहे का, ते नीट पाहावे. एकाच्या हाती संक्षिप्त आणि दुसऱ्याच्या हाती संपूर्ण आली की सगळी बैठक 'हे माझ्यात नाहीच' यात जाते.

खेड्यात पहिली बैठक जूनमध्ये ठेवू नये. भाताची रोपलावण उरकली की ऑगस्टपासून सुगीपर्यंत वाचायला उसंत असते.

एक गोष्ट फक्त आपल्याच भागात करता येते, ती मात्र कुणी करताना दिसत नाही. एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' मराठीत उमा कुलकर्णींनी आणली. त्या जन्माने बेळगावच्या, आणि या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कन्नड शाळेत शिकलेल्या सुनांनी आणि मुलांनी मूळ वाचावे, बाकीच्यांनी मराठी. पदमनजी आणि आपट्यांनंतर विधवेचा तोच प्रश्न इथे नंजनगूडच्या श्रोत्रींच्या घरात येतो. सून कात्यायनी पुन्हा लग्न करते आणि मूल आजोबांकडे राहते. मुलावर हक्क कुणाचा, यावर दोन बैठका सहज जातील. कात्यायनी घर सोडते तो भाग आधी कन्नडमध्ये वाचावा, मग मराठीत, आणि कन्नड वाचणाऱ्यांना विचारावे की मराठीत काय बदलले.

आपला,
एक ग्रंथपाल, बेळगाव